पाठमोरा सरदार

"तोंड मिटू नकोस, गणपत. कॅमेऱ्याचं हँडल फिरतंय तोवर बोलत राहा. तू गप्प झालास की समोरच्या नटाचे प्राण गेले म्हणून समज."

गुरू आबांना जाऊन पाच वर्षं झाली, तरी त्यांचा तो खर्जातला आवाज गणपतराव इंगवल्यांच्या कानातून काही गेला नव्हता. मुक्या चित्रपटांत त्यांनी गुरूची आज्ञा अक्षरशः पाळली. नायक तेच, दिग्दर्शकही तेच. तलवार फिरवता फिरवता ओरडायचे, "अनशे, डावीकडं बघ! दचक! आता पदर सुटू दे!" पडद्यावर कुणाला काय ऐकू येणार? गणपतरावांच्या त्या बोलण्यावर अनसूया कागलकर महाराष्ट्रभर नावाजली गेली.

आता बोलपट आला आणि तेच तोंड वैरी झालं.

कोल्हापुरातल्या त्या स्टुडिओच्या भिंतींना गोणपाटं आणि जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या. पंखे बंद. पत्र्यावरचे कावळे हाकलायला एक गडी काठी घेऊन वर बसवलेला. प्रसंग साधाच होता. सरदार येऊन राणीला गड पडल्याचं सांगतो, राणी बराच वेळ काही बोलत नाही, आणि मग म्हणते, "दिवे लावा." बस्स, एवढंच.

दुपारी तो तिसऱ्यांदा घेतला. आवाज टिपणारे वागळे काचेच्या खोलीतून बाहेर आले, कानांवरची यंत्रं गळ्यात अडकवून.

"मास्तर, राणीसाहेबांच्या मागं आज पण भूत बोललं. 'आता पाणी आण डोळ्यांत, आण' म्हणालं."

सगळे खो खो हसले. गणपतराव पांढरे पडले. आपण बोललो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

कंपनीचे मालक दाजीसाहेब मात्र हसले नाहीत. "गणपतराव, तुम्ही बोललात की फिल्म वाया. गप्प बसलात की ही बाई नुसती बाहुली. उद्या शेवटचं बघू. नाही जमलं तर पुण्याची गाणारी बाई परवाच्या गाडीनं येतीय."

अनसूया तिथंच उभी होती. दाजीसाहेब गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मास्तर, तुमचा आवाज नसला की मला कुठं बघायचं तेच कळंना झालंय. अंधारात सोडल्यागत होतंय."

"होईल गं सवय."

"कवा? परवाच्या गाडीनंतर?"

या मुलीला गणपतरावांनीच गाण्याच्या बैठकीतून उठवून आणलं होतं. तिची आई तयार नव्हती. तेव्हा अंबाबाईच्या गरुड मंडपात उभं राहून त्यांनी त्या माउलीला शब्द दिला होता, "कॅमेऱ्यापुढं तुमच्या लेकीला मी एकटी सोडणार नाही." बैठक सुटलेली, त्यात सिनेमाही सुटला, तर तिनं जायचं कुठं? देवीपुढचा शब्द. तो खाली पडला तर महाद्वारातून आत कसं पाऊल टाकायचं?

घरी ताटावर बसले, पण भात नुसता चिवडत राहिले. बायकोनं, द्वारकाबाईंनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"श्रावणी सोमवारी मुक्यानं जेवायचं असतं," त्या म्हणाल्या, "तर 'भाजीत मीठ कमी' म्हणून दरवर्षी पहिले कोण बोलतं? तुम्हांला जमायचं नाही हो ते. उद्या तोंडात सुपारी धरा, अख्खी."

"आणि माझं वाक्य?"

"ते म्हणून झालं की धरा. आणि देवीचं नाव घ्या. मनात."

दुसऱ्या दिवशी दिवे लागले, तशी गणपतरावांनी सुपारी मुठीत धरली. त्यांनी आपलं वाक्य म्हटलं, "बाईसाहेब, गड पडला," आणि मुजऱ्याच्या मिषानं सुपारी तोंडात सरकवली. आता राणीची पाळी. कॅमेरा चालला होता. अनसूया तशीच उभी; डोळे कोरडे, नजर भिरभिरलेली, कुणाला तरी शोधणारी. गणपतरावांच्या दाताखाली सुपारी कटकन वाजायच्या बेतात आली. जीभ आपसूक वळवळायला लागली. आणखी एक श्वास, आणि ते बोललेच असते.

ते वळले. ठरल्याप्रमाणे कॅमेऱ्याकडे तोंड करून सरदाराचा शोक दाखवायचा होता. त्याऐवजी कॅमेऱ्याकडे पाठ करून ते सरळ अनसूयेसमोर उभे राहिले, आणि तिची राणी आपल्या चेहऱ्यावर जगू लागले. भुवई थरथरली, हनुवटी दबली, नजर खिडकीकडे गेली, परत आली, डोळे भरले. आवाज म्हणून नाही. अनसूयेची नजर त्या चेहऱ्यावर स्थिरावली. तिथं जे दिसलं ते तिच्या अंगात उतरत गेलं, आणि मग ते तिचंच झालं. गणपतराव थांबले तरी ती थांबली नाही.

"दिवे लावा," ती म्हणाली. वरच्या गड्यानंही काठी खाली ठेवली होती.

वागळे बाहेर आले. "भूत नाही," एवढंच बोलले, आणि नाक पुसलं.

पण दाजीसाहेबांची कपाळावरची आठी गेली नाही. "बाई झकास. आणि तुम्ही? हिरो आहात की देवळाचा खांब? लोक इंगवल्यांचं तोंड बघायला येतात, पाठ नाही. तिचे अजून निम्मे प्रसंग बाकी आहेत. सगळ्यांत पाठमोरं राहणार? तोंड दाखवायचं की तिला सांभाळायचं, उद्या सकाळी ठरवून सांगा. तोवर पुण्याच्या बाईंना थांबा म्हणून तार करतो."

गणपतराव कपडे बदलायच्या खोलीत गेले. आरशात ते तोंड होतं. बाजारात निघाले की पोरंसोरं मागं धावायची ती याच तोंडासाठी. कॅमेऱ्यामागं उभं राहिलं तर तिथून अनसूयेला ते दिसेल, पण मग जगाला दिसायचं नाही. चाळिशी उलटलेल्या, न दिसणाऱ्या नटाला कोण ओळखतं?

सकाळी द्वारकाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. गणपतरावांनी सरदाराचा मंदिल पांढऱ्या फडक्यात गुंडाळला. सरदार आता दुसरा कुणीतरी करणार होता, त्याच्या डोक्याला तो बसवून घ्यावा लागणार होता.

"एवढ्या लवकर कुठं?"

"दाजीसाहेबांकडं."

त्यांनी वहाणा पायांत सरकवल्या, फडकं काखेत धरलं, आणि दार न वाजवता ओढून घेऊन ते चालू लागले.