बुटांच्या कपाटातला चहा

मित्रांनो, मी चहा आहे. तुमच्या ओट्यावरच्या दाणेदार भुकटीचा लांबचा भाऊ म्हणा. चीनमधल्या डोंगरात बायकांनी मला खुडलं, चाळणीवर पसरलं आणि खाली पाइनची लाकडं पेटवली. तो धूर मी पोटभर प्यालो. तोच माझा सुगंध.

छत्रपती संभाजीनगरच्या एका कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या चिनी पाहुण्यानं मला तिथं कामाला असलेल्या बिभीषणला भेट दिलं. उस्मानपुऱ्यातल्या घरी त्याच्या बायकोनं, रूपालीनं, मला दूध, आलं, वेलची घालून खदखदा उकळलं. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, हा तर जळलाय! पाहुण्यानं गंडवलं तुम्हाला."

"असू दे, भेट आहे. फेकू नको."

मग माझी रवानगी झाली बुटांच्या कपाटात, मोज्यांचा वास शोषायला! असा मानपान कोणाच्या वाट्याला येऊ नये.

त्या घरात आणखी एकजण कोपऱ्यात पडून होते. बिभीषणचे वडील, मुंजाबा. त्यांचा जन्म दौलताबादच्या डोंगरात मेंढरांमागं गेला. गुडघे थकले, मेंढरं विकली आणि मुलानं त्यांना इथं आणलं. आता चहा कपात निवून जायचा, भाकर ताटात राहायची.

"मामा, काय करून देऊ?" रूपाली रोज विचारायची.

"काय नगं, पोरी. तोंडाला चवच नाय."

सासरे दिवसेंदिवस वाळत चालले, तशी तिच्या जिवाला घोर लागला.

एके सकाळी चपला घ्यायला मुंजाबांनी कपाट उघडलं आणि ते थबकले.

"पोरी, चूल कुठं पेटली गं?"

"चूल कुठली मामा, तो जळका चहा आहे."

"जळका? आगं, आमच्या मेंढवाड्यावरचा चहा असाच असायचा! ओल्या काटक्यांचा धूर निम्मा डोळ्यात, निम्मा चहात. टाक चिमूटभर. आलंबिलं नगं, नुसता गूळ अन् दूध."

"बुटांत होता तो!"

"मेंढरांत जन्म गेला माझा. बुटाला कोण भितंय?"

पहिल्या घोटाला त्यांनी डोळे मिटले. कप रिकामा झाला. मग त्यांनी आपणहून भाकर मागितली. तव्यापाशी उभ्या रूपालीचे खांदे हलायला लागले.

"लई भूक लागली, पोरी. रडती कशाला? भाकर करपंल."

आता मी साखरेच्या डब्याशेजारी राहतो. तळाशी थोडाच उरलोय. मित्रांनो, घरात कोणाच्या तोंडाची चव गेली असेल, तर ती कुठं राहून गेली ते विचारा. आणि माझ्यासारख्याचं झाकण घट्ट लावा, वास उडतो.

मी संपणार, याचं मला दुःख नाही. फेकून संपणार होतो, पिऊन संपतोय.