सात पाकळ्यांचं फूल

दिनकरराव एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले आणि पालमच्या घरात कुसुमबाईंच्या डोक्याला ताप झाला. माणूस दिवसभर दारात बसायचा, रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा टाइम बघायचा आणि ती लेट का झाली ते बायकोला सांगायचा. शेवटी वैतागून बाईंनी त्यांच्या हातात क्रोशाची सुई दिली. हाताला काम लागेल, तोंड बंद राहील, एवढाच विचार. आणि काय सांगायचं, गड्याला नादच लागला! गल्लीत टिंगल झाली, जुने ड्रायव्हर येऊन हसून गेले, पण दिनकरराव उजेडात खुर्ची टाकून मान खाली घालून साखळ्या विणायचे. त्यांना त्यात लय मजा वाटायची आणि ती ते लपवतही नव्हते.

कामाची वाटणी ठरलेली होती. फुलं कुसुमबाईंची, काठाच्या साखळ्या दिनकररावांच्या. बाईंची शिकवायची रीतही एकच, मागचं समोर ठेवायचं आणि पुढचं तसंच करायचं. लेकीच्या, उत्तराच्या, रुखवतात मांडायला दोघांनी मोठा टेबलक्लॉथ विणायला घेतला होता, पांढऱ्या दोऱ्याची फुलं एकमेकांना जोडून. तो अर्ध्यावर आला आणि कुसुमबाई आजारी पडल्या. अंथरुणात बसूनही विणत राहिल्या, हात बरा हाय म्हणत राहिल्या आणि एक दिवस गेल्या.

लग्न वर्षाच्या आत उरका, न्हाई तर तीन वर्षं थांबा, असं भावकीनं सांगितलं. दिनकररावांनी बरं म्हटलं. ते सगळ्यालाच बरं म्हणत होते. मातीला रडले नाहीत, दहाव्याला रडले नाहीत. आत काही हलतच नव्हतं. एकदा उत्तरा घाईघाईत चहात साखर टाकायची विसरली, तर यांनी तो तसाच गुपचूप पिऊन कप खाली ठेवला. पोरीनं मग स्वतःचा कप तोंडाला लावला आणि ओट्याला टेकून रडली. बापाला ते दिसलं, पण उठून जवळ जावं असं काही वाटलं नाही.

टेबलक्लॉथ मात्र त्यांनी हातात घेतला, कारण उत्तरानं मागितलं होतं ते तेवढंच. रुखवतात दुसरं काही नसलं तरी चालेल, आईचा टेबलक्लॉथ पाहिजे. दिनकररावांनी बायकोचं शेवटचं फूल मांडीवर ठेवलं, पाकळ्या मोजल्या आणि तसंच दुसरं केलं. मग तिसरं. सकाळी बसायचे ते जेवायची हाक येईपर्यंत. पूर्वीची मजा नव्हती, दुःखही नव्हतं. सुई आत जायची, दोरा घेऊन बाहेर यायची आणि दिवस निघून जायचा.

लग्न तोंडावर आलं तशी पाथरीहून सत्यशीला आली, कुसुमबाईंची धाकटी बहीण, रुखवताची तयारी करायला. तिनं टेबलक्लॉथ पलंगावर पसरला. अर्धा गुमान पसरला, उरलेला काही केल्या बसेना. इकडं दाबला की तिकडं फुगायचा. सत्यशीला मायाळू बाई, पण मनात येईल ते बोलून मोकळी होणारी.

"दाजी, अक्काची फुलं आठ पाकळ्यांची हायत. तुमची समदी सात."

दिनकरराव म्हणाले, मी तर शेवटचं बघून केलं. सत्यशीलानं अक्काचं ते शेवटचं फूल शोधून बोटानं मोजलं. सात. पुन्हा मोजलं, तरी सातच.

दिनकरराव त्या फुलाकडं बघत राहिले. नोकरीभर भरल्या गाडीत माणसं मोजली, एक कधी चुकलं नाही. आणि हे फूल कुसुमबाई विणत होत्या तेव्हा ते पलंगाला लागूनच बसले होते.

सत्यशीलानं चष्मा चढवला. अजून वेळ हाय, म्हणाली, दोघं मिळून आठाची करू. ती दाजींची फुलं उसवायला लागली. दोरा ओढला की फूल भसाभसा निघायचं, दिनकरराव तो गुंडाळून घ्यायचे. त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. उसवत उसवत ती अक्काच्या फुलापाशी आली आणि थांबली. हे बी उसवू का, तिनं विचारलं.

"न्हाई. ते असू दे."

वाकडं दिसल, विहीणबाई नावं ठेवतील, सत्यशीला म्हणाली.

"ठेवू दे. तिचा हात चालत नव्हता, सत्यशीला. मी शेजारीच बसलो होतो. मला कळलं न्हाई."

एवढं बोलून त्यांनी सुई उचलली. त्या दुपारी त्यांनी आयुष्यातलं पहिलं आठ पाकळ्यांचं फूल केलं आणि कुसुमबाईंच्या फुलाशेजारी धरलं. एक पाकळी कमी, तिथं फट राहत होती. फुलं ओढून जुळवायची म्हटलं तर कापड पुन्हा फुगलं असतं. दिनकररावांनी थोडा विचार केला आणि त्या फटीत साखळ्या घातल्या, काठाला घालायचे तशाच. टेबलक्लॉथ तिथं सपाट बसला.

उत्तरानं दोघांना चहा आणून दिला. दिनकररावांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला.

"साखर कमी पडली ग, उत्तरा," ते म्हणाले.

उत्तरानं आत जाऊन साखरेचा डबाच उचलून आणला आणि तो मांडीवर घेऊन बापाला चिकटून बसली.