करंट खातंय कोण?

बॅटरी का उतरते हे लोकांना मला विचारायचं नसतं, मला सांगायचं असतं. कुणी म्हणतं हॉर्नमुळे, कुणी म्हणतं थंडीमुळे. एका महाभागाने तर नजर लागली म्हणून बंपरला जुना जोडा बांधला आणि वर मलाच दाखवायला आणला. सेलूच्या बसस्टँडमागे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवता चालवता माझं डोकं असं कायम तापलेलं असतं. पण गजेंद्र आला तेव्हा मी त्याला बोलू दिलं, कारण बापाच्या तेरवीपासून हा पोरगा कुणाशी धड बोललाच नव्हता.

"काका, गाडी पुन्हा बसली. टेप तं मी उपटून फेकला. मंग करंट खाऊन कोन राह्यलं?"

गजेंद्रचे वडील मधुकरराव. जवळच्या गावात त्यांचं किराणा दुकान, आणि माल आणायला एक म्हातारी डिझेल जीप. तिच्या एकूण एक वायरला माझा हात लागलेला आहे. पौषात एका सकाळी मधुकररावांच्या छातीत कळ आली. गजेंद्रने त्यांना मागच्या सीटवर निजवलं, किल्ली फिरवली, तर जीप हूं की चूं करेना. शेजारचे धावले, ढकलत ढकलत तिला उतारावर नेलं, तेव्हा कुठे ती चालू झाली. मधुकरराव दवाखान्याच्या वाटेवर, पवनारच्या पुलाच्या अलीकडेच गेले, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून. दवाखान्यात कुणीतरी म्हणालं, थोडं आधी आणलं असतं तर. असं बोलणाऱ्यांची जीभ झडत कशी नाही कोण जाणे.

ते वाक्य गजेंद्रच्या मनात रुतून बसलं. दिवाळीत त्याने हौसेने जीपमध्ये गाण्यांचा टेप बसवला होता, स्वतःच्या हाताने, मला न विचारता. आता त्याचं पक्कं झालं होतं की त्याच टेपने रात्रभर बॅटरी खाल्ली.

"खरं सांगजा, काका," तो म्हणाला. "टेपनं खाल्ली असन, तं बाबाले मीच मारलं."

मी त्याच्यावर ओरडलो. असलं काही ऐकून घेण्याची माझी तयारी नव्हती. मग कामाला लागलो. बॅटरीची अर्थिंगची केबल सोडली, मधे मीटर लावलं. सगळं बंद असताना गाडी गुपचूप करंट खात असेल तर ते मीटरवर दिसतं. मीटर शून्यावर. तरी एकेक फ्यूज काढून पाहिला. फेकलेला टेप शोधून आणायला लावला, जोडला, बंद करून मोजलं. काही नाही. मी त्याला स्वच्छ सांगितलं की टेपचा काही दोष नाही.

"मंग गाडी काऊन बसते?"

जीप दुकानासमोर ठेवून घेतली, तर रोज सकाळी पहिल्याच सेल्फला चालू. घरी गेली की दोन-चार दिवसांत थंड. नवी बॅटरी टाकली, ती जरा जास्त टिकली आणि मग तिनेही मान टाकली. गजेंद्र माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याचं मन राखायला थापा मारतोय. सगळं सहन करेन, पण माझ्या मीटरवर कुणी अविश्वास दाखवलेला मला चालत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचं तोंड बघवत नव्हतं. जेवण सुटलं होतं, गालफडं बसली होती.

म्हणून एका संध्याकाळी, दिवेलागणीला, मी मोटरसायकल काढली आणि त्यांच्या गावी गेलो. गजेंद्र दुकानात होता. जीप घराच्या बाजूला कडुनिंबाखाली. मी बोनेट उघडलं, मीटर लावलं. पुन्हा शून्य. वाकून जीपला शिव्या घालत होतो, तेवढ्यात मीटरचा आकडा उसळला. माझा हात कशालाच लागला नव्हता.

बोनेटच्या आडून डोकावलो. जीपचं मागचं दार उघडं होतं, आतला लाइट लागला होता, आणि दारात गजेंद्रची आई, रुख्मिणीवहिनी, डोक्यावरून पदर घेऊन, हात जोडून उभ्या होत्या.

"वयनी, हे काय करून राह्यल्या?"

त्या दचकल्या. उघड्या बोनेटमुळे मी त्यांना दिसलोच नव्हतो. लाइट बंद करायला त्यांचा हात गेला, पण त्यांनी तो मागे घेतला.

"भैयाजी, गजूले सांगू नका."

माणूस जिथं गेला तिथं आपल्याकडे दिवा लावतात. पिठावर ठेवतात, दहा दिवस विझू देत नाहीत. मधुकररावांच्या घरीही लावला होता, समोरच्या खोलीत, जिथं त्यांना आणून ठेवलं तिथं. मी स्वतः त्या दिव्यात तेल घातलं होतं.

"सारे म्हने, दिवा घरात लावा," वहिनी म्हणाल्या. "पन जीव घरात कुठं गेला त्याइचा? इथं गेला, या शिटावर. दिवा तिकडं जयत होता अन् हे इकडं अंधारात. कोनाले सांगू? येडी म्हनतीन. डिझेलच्या गाडीत वात कशी लावू? म्हनून हा लाइट लावतो. सकायी गजू उठाच्या आधी बंद करतो."

मी तिथंच बंपरवर बसलो. रडू आलं ते येऊ दिलं. इतके दिवस ज्याला मी चोर चोर म्हणून शोधत होतो, तो हा दिवा होता.

पण मग माझ्यातला मेस्त्री जागा झाला. हा दिवा मधुकरराव गेल्यानंतरचा. ते गेले त्या सकाळी बॅटरी कशाने उतरली होती? जीभ चावायला हवी होती, पण मी विचारून बसलो.

वहिनींचा चेहरा उतरला.

"आदल्या दिवशी बाजार केलता. थैल्या काढाले मीच आलती इथं, अंधार पडल्यावर. लाइट लावला असन. बंद केला का नाई... भैयाजी, मले आठवतच नाई. रोज इथं उभी राहून आठवून पाह्यतो. नाई आठवत."

"बॅटरी जुनी होती, वयनी. वरून थंडी. कशानंबी उतरते," मी म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

"गजू मानन का हे?"

तो मानणार नव्हता.

माझी मोटरसायकल बघून गजेंद्र दुकानातून आलाच. "सापडलं का, काका?"

मी जुनी बॅटरी, थंडी असं सुरू केलं. त्याने मधेच तोडलं. "उगा समजूत नका घालू माही."

"गजू," वहिनी म्हणाल्या. "मीच केलं ते. आदल्या दिवशी बाजाराच्या थैल्या काढल्या अन् लाइट तसाच सोडला. पक्कं आठवते मले. अन् आताबी तसंच होते. काई ना काई ठेवाले येतो अन् लाइट बंद कराचा विसरतो. भैयाजीनं आत्ता पकडलं मले. तुह्या टेपचं काई नाई, बापा."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"पक्कं आठवते, आई?"

"पक्कं."

गजेंद्र जीपच्या पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा हंबरून रडला. बाप गेला तेव्हा, स्मशानात, तो रडला नव्हता. वहिनी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. बोलावं असं मला फार वाटत होतं. पण काय बोलणार? एकाच्या उरावरचं ओझं उचलून दुसऱ्याच्या उरावर ठेवणं माझ्याच्याने झालं नसतं, आणि वहिनींनी तर ते आपण होऊन घेतलं होतं.

पोरगा वाईट नाही. आईवर शब्दाने रागावला नाही. तोंड पुसून म्हणाला, "तू मनाले नको लावून घेऊ. विसरते मानूस." त्याचा आवाज कित्येक दिवसांनी पहिल्यासारखा लागला. मग माझ्याकडे वळला. "काका, तो बल्बच काढून टाका. आई विसरली तरी मंग भेव नाई."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

मी आत वाकून काचेचं झाकण काढलं. बल्ब तापला होता, रुमालात धरून ओढावा लागला. कडुनिंबाखाली एकदम अंधार झाला. वहिनी होत्या तिथंच उभ्या होत्या. मी अजून आत वाकलेलोच होतो, तेवढ्यात त्यांनी सीटच्या दिशेने हात जोडले आणि त्या वाकल्या.

"आई, काका घरचे आहेत," गजेंद्र हसत म्हणाला. "त्याईले हात कायले जोडतं?"

मी रुमालातला बल्ब खिशात टाकला आणि बोनेट लावायला पुढे गेलो.