निजायच्या खोलीत बावीस

घर्रर्र... असा बारीक आवाज करत ते पांढरं बोंड आतल्या आत फिरलं आणि थांबलं. आकडा सतरा. आकड्याच्या शेजारी, मुंगीएवढं, ते चित्र – पर्ससारखं, लग्नाला जाताना हातात धरतात तसल्या लहान पर्ससारखं. चष्मा कपाळावर सारून, नाक जवळजवळ खोली तापवणाऱ्या रेडिएटरला टेकवून रोझविटा ते बघत होती. पर्सचा आणि उबेचा काय संबंध असेल तो असो. मुलाने, टोर्स्टनने, नाताळात जुने व्हॉल्व्ह काढून ही फोनवरून चालणारी बोंडं बसवली तेव्हापासून 'हे असं का' म्हणून विचारणं तिने सोडूनच दिलं होतं. तिने बोंड उजवीकडे फिरवलं. ते फिरलं. हवं तेवढं फिरलं – एखाद्याने 'हो हो' म्हणत मान डोलवावी आणि करायचं ते काहीच करू नये, तसं. आकडा सतराचा सतराच.

मेलं बोंड.

स्वयंपाकघरात सकाळी नाश्त्यापुरती ऊब; मग सतरा. हे ठरलं स्टुटगार्टमध्ये. इथे केम्निट्झला, चौथ्या मजल्यावर, खिडकीबाहेर फेब्रुवारीचा बर्फ काळा पडून कडक झालेला, आणि तिकडे चारशे-साडेचारशे किलोमीटरवर बसलेला माझा मुलगा अंगठ्याने ठरवणार की आईला आता स्वयंपाकघरात बसायचं कारण नाही... उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात ते हेच. फक्त इथे शेळी एकच आहे, आणि ती दिवसभर स्वयंपाकघरातच बसते, हे उंटावरच्याला ठाऊक नाही. बैठकीची खोली मात्र दुपारपासून ऊबदार. रिकामी आणि ऊबदार! टीव्ही आहे ना तिथे, म्हणून. पण टीव्हीसमोर लोथारची खुर्ची आहे, नवरा जाऊन दीड वर्ष झालं तरी तिच्या हातांवरचा काळा चकाकणारा डाग तसाच आहे, आणि त्या खुर्चीकडे पाठ करूनही बसवत नाही, तोंड करूनही बसवत नाही – हे कुठल्या आकड्यात बसवणार होता टोर्स्टन?

"तुला काही करायचंच नाही, आई." शेवटचं बोंड बसवून उठताना, हात झटकत, किती आनंदाने म्हणाला होता तो. बक्षीस दिल्यासारखं. आणि ती पण वेडी, "बाई बाई, कमालच आहे" म्हणाली, त्याला कॉफी दिली, स्टोलन केकचा शेवटचा जाड तुकडा दिला. तुला काही करायचंच नाही... आता ते वाक्य आठवलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मेलेल्या माणसाला काही करायचं नसतं, टोर्स्टन. मी कॉफी पिते, बटाटे सोलते, आठवड्याआड जिना झाडते. मी थंडीने काकडते. इतकं सगळं करते.

आणि निजायच्या खोलीत बावीस! 'तुझ्या सांध्यांसाठी.' बावीस डिग्रीत माणूस निजतो का उकडतो? उभ्या जन्मात ती ऊबदार खोलीत निजली नव्हती. खोली गार, रजई जाड, नाकाचा शेंडा थंड – झोप म्हणजे ही. मग ती तेच करते जे या काँक्रीटच्या इमारतीत ती आणि लोथार नवीन लग्न होऊन राहायला आले तेव्हा सगळेच करायचे. त्या साम्यवादी काळात रेडिएटरला व्हॉल्व्ह म्हणून नव्हताच. वीजकेंद्राच्या गरम पाण्यातून ऊब यायची ती यायची, सगळ्यांना सारखी, आणि जास्त झाली की खिडकी उघडायची. भर थंडीत अख्खी पाच मजल्यांची रांग खिडक्या उघड्या टाकून बसलेली असायची. सरकार ऊब देत होतं, लोक ती रस्त्याला देत होते, आणि सगळे त्यावर हसत होते. तर आता रोज झोपताना ती खिडकी उघडते. आणि गारवा असा एकदम आला की बोंडाला वाटतं, खिडकी उघडी राहिली. ते आपलं तोंड मिटतं आणि स्टुटगार्टला चहाडी करतं. रोज रात्री. निजायच्या खोलीची खिडकी उघडी. निजायच्या खोलीची खिडकी उघडी.

गेल्या रविवारी टोर्स्टन फोनवर फार हळू बोलत होता. माणूस मऊ आवाजात बोलायला लागला की समजावं, मागे काहीतरी टणक आहे.

"आई, रागावू नकोस. पण तू विसरतेस हल्ली."

"काय विसरते?"

"खिडक्या. रोज रात्री. या थंडीत. आज खिडकी आहे, उद्या गॅस असेल..." मग तो म्हणाला, की त्यांच्या जवळच एक जागा आहे. स्वतःची खोली, स्वतःचं सामान नेता येतं, खाली नर्स असते. शनिवारी तो गाडी घेऊन येतोय. नुसती बघायला काय हरकत?

चोराच्या उलट्या बोंबा. खोलीची भट्टी केलीस तू, खिडकी उघडावी लागते तुझ्यामुळे, आणि विसरते कोण, तर मी! हे सगळं तेव्हाच म्हणायचं होतं. पण तिचं आयुष्यभराचं हेच दुखणं – राग आला की जीभ टाळ्याला चिकटते. ती "बघू" म्हणाली. 'बघू' म्हणजे 'नाही', हे लोथारला कधी कळलं नाही, त्याच्या मुलाला कुठून कळणार... आणि आज बुधवार झाला होता, आणि शनिवार समोर उभा होता, आणि तिला अजून एक वाक्य धड जुळवता आलं नव्हतं.

तिने बर्फाच्या कप्प्यातून मटारची पिशवी काढली. हे रात्री अंथरुणात सुचलं होतं आणि सुचताच ती अंधारात एकटीच हसली होती. गारवा झाला की तू चहाडी करतोस ना? घे गारवा. गारवा एकदम नको, हळूहळू लागायला हवा, म्हणून पिशवी जाड फडक्यात बांधून तिने ती बोंडाच्या गळ्यात अडकवली आणि समोर खुर्ची ओढून बसली. आकडा हळूहळू उतरायला लागला. सोळा. चौदा. मग घर्रर्र... आणि रेडिएटरच्या पोटात पाणी खळखळलं. तिने हात ठेवला. रेडिएटर तापत होता. अस्सं! किती दिवसांनी कुणालातरी हरवल्यासारखं वाटलं तिला – आणि लगेच, एका बोंडाला मटार बांधून आपल्याला जिंकल्यासारखं वाटतंय, म्हणून पुन्हा संताप. आपल्याच घरात चोरून ऊब खायची. सत्तरी उलटल्यावर.

दाराची घंटा वाजली. शेजारच्या उलिगबाई. जिना झाडायची पाळी बदलली की पाळीची पाटी त्या हातोहात आणून देत. खिळ्याला नुसती लावून जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तीस वर्षांचा शेजार, आणि दोघी अजून एकमेकींना 'अहो'.

"पाटी आणलीय, फ्राऊ कीस्लिंग. खालचा कोपरा बर्फाच्या पाण्यानं... " बोलता बोलता त्यांची नजर स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच राहिली. "ते काय आहे?"

"मटार."

"मटार." उलिगबाईंनी मान तिरपी केली. "वाळत घातलेत?"

आणि रोझविटाने त्यांच्या चेहऱ्यावर ते पाहिलं – घाईघाईने घातलेलं हसू, त्याखाली कीव. आज दुपारपर्यंत ही बातमी पाचही मजले उतरेल. बिचाऱ्या कीस्लिंगबाई, रेडिएटरवर मटार वाळवतात. शनिवारी टोर्स्टन जिन्यात भेटलाच तर त्यालाही कळेल.

"हे बोंड माझं ऐकत नाही," ती म्हणाली. आवाज चढला. "फिरवलं तरी आकडा हलत नाही! मुलगा ठरवतो सगळं, तिकडून. मला गार लागतं म्हणून मी याला फसवते. वेड नाही लागलेलं मला."

"अगंबाई, वेड कशाला लागेल," उलिगबाई म्हणाल्या, आणि कीव जाऊन तिथे खरीखुरी उत्सुकता आली, हे एक बरं झालं. त्यांनी वाकून बघितलं. "हे बघा, कुलूप घातलंय याला. आकडा हलेल कसा?"

"कुठाय कुलूप?"

"हे काय. आकड्याच्या बाजूला."

"ती पर्स आहे."

"पर्स!" उलिगबाई मनापासून हसल्या. "अहो, पर्स काय! माझ्या जावयाकडे हीच आहेत. पोरांसाठीचं कुलूप म्हणतात याला. नातू दिसेल ते पिळतो ना, म्हणून घातलंय. एकदा घातलं की फोनवरूनच निघतं. तुमच्याकडे कुठलं पोर आहे म्हणून घातलं?"

रोझविटाने पाटी घेतली. आभार मानले असावेत. दार लागलं.

पोरांसाठीचं कुलूप. ती मेजाला धरून उभी राहिली. पोरांसाठीचं... ज्याचे ओले लंगोट मी याच रेडिएटरवर वाळवले, ज्याची बोटं स्टोव्हपासून, सुईपासून, विजेच्या भोकापासून ओढून ओढून माझे हात दुखले, त्याने माझ्या घराला कुलूप घातलं, पोरांचं, आणि मी मूर्ख, दीड महिना त्या कुलपाला पर्स म्हणून निरखते आहे. तिला वाटलं, हातोडी घ्यावी. लोथारची हातोडी कोनाड्यात आहे. एकेक बोंड... राग इतका मोठा होता की तो ठेवायला घरात जागा पुरेना.

फोन वाजला. टोर्स्टन. कामाच्या वेळेत तो कधी करत नसे.

"आई, काय चाललंय तिथे? स्वयंपाकघरात पाच डिग्री? आता तिथलीही खिडकी उघडी आहे का?"

"खिडकी बंद आहे."

"मग पाच कसं?"

"मटार," ती म्हणाली.

 मग तो अगदी जपून, शब्द मोजून म्हणाला, "आई... आज वार कोणता आहे?"

आणि जीभ सुटली. टाळ्याला चिकटलेली जीभ जन्मात पहिल्यांदा आपणहून सुटली.

"बुधवार! बुधवार आहे आज, फेब्रुवारी महिना आहे, माझं नाव रोझविटा कीस्लिंग, आणि तू माझ्या घराला पोरांचं कुलूप घातलंयस! निजायच्या खोलीत बावीस करून ठेवलंस, मी काय पाव आहे का भाजायला? म्हणून मी खिडकी उघडते. उघडते, टोर्स्टन! विसरत नाही. रोज रात्री स्वतःच्या हाताने, आठवणीने उघडते. आणि जिथे बसते तिथे सतरा, म्हणून मटार बांधले. आता विचार, अजून काय विचारायचंय? सात नव्वे विचार!"

 मागे त्याच्या कचेरीत कुणीतरी हसत होतं.

"कुलूप... ते फ्रीडासाठी होतं, आई. नाताळात तुझी नात सगळी बोंडं पिळत होती, आठवतं? काढायचं राहूनच गेलं."

"राहून गेलं. म्हणजे विसरलास."

"हो," तो म्हणाला. "विसरलो." आणि मग, "तू बोलली का नाहीस, आई?"

ती मटारच्या फडक्याची गाठ चाचपत राहिली.

"बरं, ऐक. आत्ता काढतो. शनिवारी मी येईन, पण ती जागा वगैरे राहू दे, मग बघू. हं... निघालं कुलूप. आता सांग, तुला किती हवंय? निजताना किती, स्वयंपाकघरात किती? तू म्हणशील तेवढं."

तू म्हणशील तेवढं. तिने तोंड उघडलं. हेच तर हवं होतं... आणि जिभेवर आलं – दोन.

दोन? डिग्री नव्हे ते. जुन्या व्हॉल्व्हवरचा आकडा. एकपासून पाचपर्यंत असायचे, आणि लोथारने दोनवर रेघ मारून ठेवली होती, तिच्याच नखांच्या लाल रंगाने. "दोनच्या पुढे कशाला? स्वेटर घाल की." तो भांडला नव्हता कधी, नुसता येताजाता व्हॉल्व्हवर हात फिरवायचा, कुत्र्याच्या डोक्यावरून फिरवावा तसा. तो बाहेर गेला की ती चारवर करायची, पाय रेडिएटरला लावून बसायची, आणि जिन्यात त्याची पावलं वाजली की पुन्हा दोन. स्वतःच्या मुलाच्या देखत. टोर्स्टन मेजाशी अभ्यास करत बसलेला असायचा, वर बघायचा, काही म्हणायचा नाही... आणि लोथार गेल्यावर? दीड वर्ष घरात कुणीच नव्हतं तिला अडवायला. ही बोंडं येईपर्यंत तो व्हॉल्व्ह दोनवरच होता. त्याआधी तर ऊब सरकारची. ती कामाला जायची त्या गिरणीत ऊब सुताची – धागा तुटू नये म्हणून ठेवलेली. त्याच्याही आधी आईचा कोळशाचा स्टोव्ह, आणि स्टोव्हजवळची जागा धाकट्या भावांची.

गार खोलीत नाकाचा शेंडा थंड... ते तरी मला आवडतं का? की आवडलं म्हणायची सवय झाली?

"आई? आहेस ना? वीस ठेवू? एकवीस?"

"तू आकडे सांगू नकोस!" ती ओरडली. इतक्या जोराने की तिला स्वतःलाच दचकायला झालं. "एकही आकडा सांगू नकोस मला."

"बरं. बरं, तू सांग."

तिने मटार काढून ओट्यावर ठेवले. मग फोन या कानावरून त्या कानावर घेत अंगातला स्वेटर काढला, आतला दुसराही काढला, आणि नुसत्या ब्लाऊजवर स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. दंडांवर हवा लागली. आता कळेल. नुसतं उभं राहायचं आणि अंगाला विचारायचं, इतकं सोपं. गार वाटतंय का? वाटत होतं, असं वाटलं. मग कानशिलं तापलेली जाणवली, गळा, छाती, तळहात – सगळं धगधगत होतं. टोर्स्टनचा राग, लोथारचा, त्या लाल रेघेचा, तीस-चाळीस वर्षं रेघेपाशी थांबलेल्या बाईचा... ही धग उतरल्याशिवाय आपल्याला किती ऊब लागते ते काही कळणार नव्हतं. आणि ती तर आत्ता कुठे चढायला लागली होती.

"थांब," ती म्हणाली. "फोन ठेवू नकोस. थांब जरा."