काकूंची कढई आणि वीणाचा गंज

अहिल्याकाकूंचा स्वभाव मुळातच संशयी. दूध नासलं तर दुकानदारानं शिळं गळ्यात मारलं, आणि आठवडाभर नासलं नाही तर त्यात नक्की काहीतरी घातलंय, असं म्हणणारी बाई. त्यामुळे व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या त्या खेड्यात, गावरान स्वयंपाकाच्या जत्रेला आल्या आल्या त्यांना वीणाचा संशय आला, यात नवल नव्हतं. या खेपेला मात्र संशयाच्या तळाशी खरीखुरी भीती होती.

अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळींचा आरव्ही क्लब होता. घराएवढ्या लांबलचक गाड्या घेऊन सुट्टीत कुठंतरी जायचं, खुर्च्या मांडायच्या आणि न आलेल्यांबद्दल बोलायचं, एवढंच काम. या जत्रेत बिडाच्या भांड्यात, लाकडाच्या जाळावर रांधायची स्पर्धा असे आणि क्लबतर्फे दरवर्षी काकूंच्या कढईतली भरली वांगी जात. काका गेल्यावर काकूंनी गाडी विकली. आता त्या वीणा आणि तिचा नवरा ऋषी यांच्या गाडीतून येत. कढई होती म्हणून आपल्याला बोलावतात, नाहीतर एकट्या म्हातारीला कोण बरोबर नेतो, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

आणि थंडीतल्या तापानंतर काकूंच्या तोंडाची चव गेली होती. वासही गेला होता. फोडणी करपली तरी कळत नसे. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. हाताच्या सवयीवर स्वयंपाक चालला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. कुणी घास घेऊन जरा थांबलं, की काकू त्याचा चेहरा न्याहाळत.

शनिवारी संध्याकाळी त्या गाडीमागे टॉवेल वाळत घालत होत्या. पलीकडे वीणा क्लबच्या अध्यक्षांशी, राजारामशी हळू आवाजात बोलत होती.

“उद्या काकू भाजी करून आंघोळीला गेल्या का मी गंज चढवते. जजसमोर त्यांची भाजी जाऊ द्यायची नाही.”

“अहिल्यावहिनींना कळता कामा नये,” राजाराम म्हणाला.

काकूंच्या हातातला चिमटा गवतात पडला. गंज चढवते! त्यांच्या कढईला! बिडाच्या कढईला रात्रभर तेल लावून जपावं आणि या नागपूरच्या पोरीनं तिला गंज चढवावा? भाजी काळी पडेल, जज तोंड वाकडं करतील आणि पुढच्या वर्षी टेबलावर वीणाचं काहीतरी मांडलेलं असेल. शिवाय मघाशीच तिनं कॅम्पच्या दुकानातून लिंबं आणली होती. लोखंडाला लिंबू लावलं की काय होतं, हे काकूंना चांगलं ठाऊक होतं. चहात पिळायला आणली असतील, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

त्या रात्री त्या कढई उशाशी घेऊन झोपल्या.

सकाळी भाजी झाली. काकूंनी झाकण घातलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “मी आंघोळीला जाऊन येते गं.” चार गाड्या ओलांडल्या आणि वळसा घालून परत आल्या. पाहतात तर वीणा कढईचं झाकण काढून त्यात चमचा घालत होती. तिनं चाखलं आणि डोळे मिटून घेतले.

“पकडली!” काकू ओरडल्या. शेजारचा सफरचंदांचा मुरंबा ढवळणारा म्हातारासुद्धा दचकला. “माझ्या कढईला गंज चढवतेस? कुठंय तो?”

“हा काय,” वीणानं गोंधळून जाळाकडे बोट दाखवलं. जाळावर एक मोठं पातेलं होतं. “अजी काकू, आमच्याकडे पातेल्याला गंजच म्हणतात ना!”

मंडळी खो खो हसली. ऋषीला तर ठसका लागला. काकूंनाही हसू येत होतं, पण संशय इतक्या सहजासहजी सुटणारा नव्हता. त्यांनी गंजावरचं झाकण उचललं. आत आधीच शिजवलेली भरली वांगी गरम होत होती.

“मग हे चोरून कशाला?”

राजाराम बुटांकडे बघू लागला. वीणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“माझी वांगी तुमच्या कढईत ओतणार होती मी. तुमच्याच नावानं. काकू, मीठ दोनदा पडलंय आज.”

“कधीपासून माहितीये तुम्हाला?” काकूंनी विचारलं.

“पाडव्यापासून,” ती म्हणाली. “श्रीखंडात साखर नव्हती. मीठ होतं.”

पाडव्याला सगळ्यांनी वाट्या रिकाम्या केल्या होत्या. ऋषीनं तर पुन्हा मागून घेतलं होतं. इतके महिने ही माणसं खारट, करपलेलं, अळणी असं सगळं खाऊन छान झालंय म्हणत होती, आणि तरीही प्रत्येक वेळी त्यांना घ्यायला गाडी दारात उभी राहत होती. काकूंना आधी संताप आला, मग भयंकर लाज वाटली. मग मात्र एकदम हलकं वाटलं.

“अगं, मला सांगायचं नाही का?”

“तुम्ही येणं बंद केलं असतं,” वीणा म्हणाली.

काकूंनी कढई रिकामी केली, कागदानं स्वच्छ पुसली आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरली.

“ओत,” त्या म्हणाल्या. “आणि जजनं विचारलं तर खरं सांग. भाजी वीणाची आहे. अहिल्याला चव लागत नाही.”