थडग्यावरची शिंगं

बापाच्या थडग्यापाशी पोचल्यावर वेरिमुंगाने रिवाजाप्रमाणे लांबूनच आपलं नाव सांगितलं, दगडावर हात टेकवला आणि वर बघतो तर काय, खांबावरचं एक शिंग गायब!

दफनाच्या दिवशी कापलेल्या लाडक्या बैलांची ती शिंगं, उंच खांबांवर बांधलेली. गुरं राखून जगणाऱ्या हिंबा जमातीच्या माणसाच्या लेखी ती नुसती शोभा नव्हे. ज्याचा पूर्वज जिथे निजला, तिथलं गवत आणि तिथला झरा त्याचा. पंचांपुढे साक्ष द्यायला थडगंच उभं राहतं. शिंगं गेली की उरतो दगडांचा ढीग, आणि दगड काय कुणाचंही नाव सांगतील.

शिंग खाली कपारीत सापडलं. टोक झिजलेलं, वर काहीतरी चिकट. वेरिमुंगाने बोट लावून वास घेतला आणि हात झटकला. करणी! भोवती सगळा कातळ, पाऊल उमटायला जागा नाही. दुष्काळात गाई हाडं चघळतात हे त्याला ठाऊक होतं, पण गाईची मान कुठवर पोचणार? मग नजर शेजारच्या बाभळीवर गेली. खालचा पाला जसाच्या तसा आणि शेंडा ओरबाडलेला. इतक्या वर पोचते ती आकड्याची काठीच. आणि शेळ्यांसाठी शेंगा पाडायची सगळ्या खोऱ्यातली लांब काठी होती कातुओची.

कातुओ म्हणजे धाकट्या बहिणीचा, उझेराचा नवरा. यंदा पावसाने पाठ फिरवली म्हणून गुरं घेऊन सासुरवाडीच्या झऱ्यावर आलेला. ‘हा झरा मुळात माझ्या मामांनी उपसलेला,’ असं तो मागे एकदा हसत हसत बोलला होता. तेव्हा वेरिमुंगाही हसला होता. आता त्या हसण्यामागे त्याला झऱ्यावरचा दावा ऐकू आला. संशयाचं असंच असतं बघा. एकदा घरात घेतला की तो जुनी भांडीसुद्धा वाजवून बघतो.

त्याच दुपारी झऱ्याभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण पडलं.

“काय मेव्हणे,” तहानलेली गुरं मागे थोपवून कातुओ म्हणाला, “पाणी रुसलं की तुम्ही?”

“दाजी, तुमची काठी फार लांब झालीय.”

“शेळ्या माझ्या, शेंगा देवाच्या. तुमचं काय जातं?”

“थडग्यावरच्या शिंगापर्यंत पोचतं तिचं टोक.”

कातुओचं हसू मावळलं. “सरळ बोला.”

“उद्या बोलेन. विस्तवापुढे.”

कातुओ एक शब्द न बोलता वळला. बघा, गप्प बसला! वेरिमुंगाने मनात गाठ मारली. पूर्वजांच्या पवित्र विस्तवापुढे गुन्हेगार म्हणून घेतलेलं नाव मागे घेता येत नाही. ते घेतलं की खोऱ्यातला एकही नातलग कातुओला पाणी देणार नव्हता, आणि पुढच्या झऱ्यापर्यंत ती गुरं तग धरणार नव्हती.

दिवस कलताना उझेरा आली. “दादा, माझ्या गाई मारायला निघालास?”

“नवऱ्याला विचार.”

“विचारलं. तो रडला रे. तू डोळ्यांनी बघितलंस त्याला?”

“बघायचं काय उरलंय आता?”

“बाबांना साक्षी ठेवून नाव घेणार ना? मग आधी बाबांपाशी जाऊन बस. ज्याने एक शिंग पाडलं तो दुसऱ्यासाठी येईलच. आणि माझा नवराच आला, तर मीच तुझ्यासोबत विस्तवापाशी येईन.”

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत वेरिमुंगा खडकाआड दबा धरून बसला. बाभळीची फांदी कडकड वाजली. आले दाजी! तो दात खाऊन उठला आणि उठल्या जागी थिजला.

बाभळीच्या शेंड्यावर एक डोकं होतं. जिराफाचं. मागे या मुलखात लढाई झाली त्या काळात बंदुकांनी हे जनावर खोऱ्यातून पार संपवलं होतं. गेल्या पावसानंतर दोन-चार परतल्याचं नुसतं कानावर आलेलं. लांब काळी जीभ काट्यांमधून अलगद पाला ओढत होती. मग मान खांबाकडे वळली. जिराफाने शिंगाचं टोक तोंडात धरलं आणि बोळक्या म्हाताऱ्यासारखं या गालातून त्या गालात घोळवत बसला. लाळेच्या तारा शिंगावरून ओघळत होत्या. सुक्या दिवसांत पाल्याने न भागणारी जी भूक गाईंना हाडांकडे नेते, तीच ही. फक्त मान उंच.

वेरिमुंगाला क्षणभर रागच आला, संशयाला टेकायला जागा उरली नाही याचा. मग विस्तवापुढे घ्यायचं राहिलेलं नाव आठवलं. देवाने त्याच्या तोंडावर वेळेत हात ठेवला होता.

तो विस्तवाकडे गेलाच नाही. थेट झऱ्यावर जाऊन त्याने उघड्या हातांनी काटे उपसले, आणि उझेराकरवी निरोप धाडला.

कातुओ आला, पण काठी आडवी धरून गुरं त्याने लांबच अडवली. “रात्रीत मन पालटलं? पाण्यात काय टाकलंत, मेव्हणे?”

“दाजी, जिराफ होता. शिंग चघळत होता.”

“जिराफ पाला खातो.”

“मी बघितलं, या डोळ्यांनी.”

“काल माझी काठी बघितली, तेही याच डोळ्यांनी ना?”

वेरिमुंगा काठावर पालथा पडला आणि गुरासारखं तोंड लावून पाणी प्याला. मान वर केली. हनुवटीवरून पाणी निथळत होतं. कातुओ त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, बराच वेळ.

“अजून एकदा,” तो म्हणाला.

वेरिमुंगा पुन्हा वाकला. मागे खुरांचा धुरळा उठला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी गाईंची तोंडं पाण्यात पडली.