मार्लिसची तिसरी चिठ्ठी

रेडपिटच्या शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली मंच मांडला होता. समोर घडीच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि तिसऱ्या रांगेत गळ्यात बिल्ला अडकवून रीका टुओमी बसली होती. बिल्ल्यावर लिहिलं होतं ‘प्रतिनिधी’. तो जरा तिरका झाला की ती सरळ करायची, आणि तिरका नसला तरी करायचीच.

सतरा वर्षांची पोर. नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत तिला मत नव्हतं, पण पक्षाच्या सभेत सोळा पूर्ण झाले की चालतं. फेब्रुवारीत वॉर्डाच्या बैठकीत शेजाऱ्यांनी हात वर करून तिला इथे पाठवलं होतं. आठवीत असताना याच जिममध्ये एक सोपी फेक हुकली म्हणून ती सगळ्यांदेखत रडली होती. आज याच जिममध्ये ती भाषण करणार होती, आणि भीती वगैरे काही नव्हती. उलट माइक कधी एकदा हातात येतोय असं झालं होतं तिला.

भाषण होतं आईसाठी.

त्या भागाचे म्हातारे सिनेटर यंदा घरी बसणार होते. राज्याच्या सिनेटमधल्या त्यांच्या जागेसाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे आज ठरायचं होतं. इच्छुक दोघं, दोघंही स्वतः प्रतिनिधी. एक कर्ट ओबर्ग, लाकडाच्या वखारीचे मालक, काउंटीच्या बोर्डावर दोनदा निवडून आलेले, ज्यांना रीका लहानपणापासून कर्टकाका म्हणत आली होती. दुसरी मार्लिस टुओमी, रीकाची आई. शाळेची बस चालवायची, आणि चालकांच्या युनियनची अध्यक्ष होती.

नियम साधा होता. दीडशे प्रतिनिधी, त्यांतली नव्वद मतं ज्याला पडतील त्याला पक्षाचा शिक्का. फेऱ्या फक्त तीन. तिन्हींत कुणीच नव्वदला पोचलं नाही तर शिक्का कुणालाच नाही, मग ज्याला लढायचं त्यानं ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या सगळ्या मतदारांपुढे, खुशाल लढावं.

सकाळी सभेच्या अध्यक्ष व्हर्नाबाईंनी दोघांनाही रिवाजाप्रमाणे विचारलं होतं, “पक्षानं नाही निवडलं तर काय कराल?”

“लढणार,” कर्टकाका म्हणाले होते. “शिक्का मिळो न मिळो, ऑगस्टमध्ये मी आहेच.”

आणि आई म्हणाली होती, “मी घरी जाईन. लोकांना नको असेल तिथे घुसायचं नाही.”

म्हणजे कर्टकाकांना दोन दारं होती आणि आईला एकच. जे काय व्हायचं ते आज, याच जिममध्ये.

“रीका,” आईनं कानाशी पुटपुटून बजावलं, “भाषणात ते बसमधलं बाळंतपण आणू नकोस हं. बढाई वाटते.”

“आई, ते बाळ आता पहिलीत आहे आणि रोज तुझ्याच बसमधून येतं. लपवणार कुठे त्याला?”

“तरी नको.”

“बरं,” रीका म्हणाली, आणि मंचावर जाऊन तिनं पहिलं वाक्य बाळंतपणाचंच टाकलं.

गावच्या हॉस्पिटलनं बाळंतपणाचा विभाग बंद केला, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यातली गोष्ट. मुलांना सोडून आई रिकामी बस घेऊन परत निघाली होती. हायवेच्या कडेला बर्फात एक गाडी रुतलेली, आत कळा देणारी बाई आणि तिच्याहून जास्त ओरडणारा नवरा. आईनं बाईला बसमध्ये घेतलं, हीटर पूर्ण सोडला, आपला कोट सीटवर अंथरला. नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर उभे राहून बर्फाला ओरडा.” ॲम्ब्युलन्स आली तोवर बाळ कोटात गुंडाळलेलं होतं.

जिम हसून हसून लोटपोट. “ही बाई,” रीकानं बोट दाखवलं, “हॉस्पिटलच्या विभागासाठी राजधानीत चार वेळा जाऊन आली. चारही वेळा तिला दाराबाहेर बसवलं. पाचव्यांदा तिला आत बसलेली बघायचंय मला!”

टाळ्या पडल्या. आई हातांत तोंड लपवून बसली होती. तिचे फक्त कान दिसत होते, आणि ते टोमॅटोसारखे लाल झाले होते.

पहिल्या फेरीच्या चिठ्ठ्या वाटल्या, गोळा झाल्या, मोजल्या. मार्लिस चौऱ्याऐंशी, कर्ट सहासष्ट.

“सहा मतं!” रीकानं आईचा दंड धरून हलवला. “आई, फक्त सहा!”

“हळू गं. कर्टची बायको इकडेच बघतेय. बिचारीला वाईट वाटेल.”

रीका रांगारांगांतून फिरली. गणिताच्या बाईंना गाठलं, वखारीतल्या एका कामगाराला गाठलं, आणि ‘माझं अजून ठरलं नाही’ असं गेली तीस वर्षं म्हणत आलेल्या एका आजोबांशेजारी बसून त्यांचं ठरवून टाकलं. दुसऱ्या फेरीच्या पिवळ्या चिठ्ठ्या आल्या. आईनं आपली चिठ्ठी तळहाताआड धरून लिहिली, चौघडी केली आणि डब्यात टाकली.

व्हर्नाबाईंनी आकडे वाचले. “मार्लिस टुओमी, एकोणनव्वद. कर्ट ओबर्ग, एकसष्ट.”

एका मतानं! सगळ्या जिमनं एकदम श्वास सोडला. रीकाला तर रडावं की खुर्ची फेकावी कळेना. तिनं वळून आईकडे पाहिलं. आईचे कान पुन्हा लाल झाले होते.

या कानांना रीका पुरतं ओळखत होती.

“आई,” ती सावकाश म्हणाली, “तू चिठ्ठीवर काय लिहिलंस?”

“गुप्त मतदान असतं, रीका.”

“आई.”

“अगं, स्वतःलाच कसं देणार? बरं दिसतं का ते?”

“तू कर्टकाकांना मत दिलंस?” रीकाचा आवाज इतका चिरकला की पुढच्या रांगेतल्या तीन टोप्या मागे वळल्या. “दोन्ही वेळा?”

“पहिल्यांदा त्याला दिलं, मग दुसऱ्यांदा बदललं तर लबाडी झाली असती ना.” आई अगदी गंभीरपणे म्हणाली. “तुझ्या बाबांचा पाय मोडला तेव्हा आठवडाभर त्याच्या घरून जेवणाचं गरम पातेलं, हॉटडिशचं, यायचं. आपल्याकडे असं स्वतःचं नाव...”

“तू स्वतःचं लिहिलं असतंस तर नव्वद झाले असते! आत्ता आपण जिंकलेलो असतो! आई, कर्टकाकांनी त्यांचं मत कुणाला दिलं असेल?”

“मला काय माहीत.”

“कर्टकाका!” रीका सरळ दोन रांगा ओलांडून गेली. “तुम्ही मत कुणाला दिलंत?”

कर्टकाका कॉफी पीत होते. “मला. का? अजून कुणी उभं आहे का?”

परत येताना तिच्या कानावर आणखी एक गोष्ट पडली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कॉफीच्या टेबलापाशी गणिताच्या बाई कुणाला तरी सांगत होत्या, “मार्लिस चांगलीच आहे हो. पण तिला स्वतःलाच ते हवंय असं वाटत नाही. कर्टला निदान भूक आहे. मी तर आता तिकडेच वळणार.” आणि समोरचे दोघं मान डोलावत होते.

म्हणजे आता आईनं गुपचूप स्वतःचं नाव लिहून भागणार नव्हतं. नव्वदचा आकडा हातातून वाळूसारखा निसटायला लागला होता.

रीका आईसमोर गुडघ्यांवर बसली. अजून चिडलेलीच होती, पण आवाज खाली आणला. “आई, खरं सांग. तुला हवंय का?”

“लोकांना हवं असेल तर...”

“लोकांचं नाही विचारत. तुला?”

आई जिमच्या लाकडी जमिनीवरच्या रेघेकडे बघत राहिली. मग एवढ्या हलक्या आवाजात म्हणाली की रीकाला ओठांवरूनच कळलं, “खूप.”

“मग ते मला सांगून काय उपयोग? तिकडे सांग!”

“असं उभं राहून ‘मला द्या’ म्हणायचं? माझ्या आईनं ऐकलं असतं तर...”

“आजीला मत नाही. या लोकांना आहे.”

तिसऱ्या फेरीआधी दोघांनाही बोलायला दोन दोन मिनिटं होती. कर्टकाका आधी बोलले. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं मोकळं, भरघोस बोलले. काम येतं, माणसं ओळखतो, मला पाठवा. टाळ्या चांगल्याच पडल्या. मग व्हर्नाबाईंनी मार्लिसचं नाव पुकारलं.

आई चालत गेली तशी रीकाला वाटलं, ही आता सगळ्यांचे आभार मानणार, स्वयंपाकघरातल्या बायकांची कॉफी फार छान झाली म्हणणार, आणि खाली उतरणार. दरवेळी तेच करायची ती.

“मी मार्लिस,” आई म्हणाली, जणू कुणी तिला ओळखतच नव्हतं. “कॉफी...” आणि थांबली. माइकमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

“कॉफीचं राहू दे. मला एक कबूल करायचंय. दोन्ही फेऱ्यांत मी माझं मत कर्टला दिलं.”

 मग मागून कुणीतरी फसकन हसलं आणि सगळी जिम गडगडली. कर्टकाकांच्या नाकातून कॉफी आली. व्हर्नाबाईंनी हातोडी आपटली, पण हसता हसता.

“हसा,” आई म्हणाली. “पण इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी हेच केलं असतं. आपल्याकडे ताटातली शेवटची वडी कुणी उचलत नाही. कुणीतरी अर्धी कापतं, मग दुसरं त्या अर्ध्याची अर्धी कापतं, आणि शेवटी राहतो तो चुरा वाळून दगड होतो. ‘मला हवी’ एवढं कुणी म्हणत नाही.”

आता हसू थांबलं होतं. आजोबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

“वडीचं ठीक आहे. वाळली तर पाखरं खातील. पण ही जागा वडी नाही. मी भिडेपायी मागे सरले तर त्याची किंमत मी मोजत नाही, बर्फात गाडी रुतलेली बाई मोजते. इतकी वर्षं मी याला नम्रपणा समजत होते.” तिनं माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला, बसचं स्टिअरिंग धरावं तसा. “म्हणून स्पष्ट मागते. मला ही जागा हवी आहे. चार वेळा त्या दाराबाहेर बसून आत काय चालतं ते मी शिकले आहे. मला हे काम जमेल. कर्ट माझा मित्र आहे, पण त्याच्यापेक्षा मला चांगलं जमेल. मला मत द्या. या खेपेला मीसुद्धा मलाच देणार आहे.”

रेडपिटमध्ये असं कुणी बोलत नाही. एखादीनं भर चर्चमध्ये गाडीचा हॉर्न वाजवल्यासारखे सगळे तिच्याकडे बघत राहिले.  ही तिची आई! दुकानात रांगेत कुणी मध्ये घुसलं तरी “असू दे, त्यांना घाई असेल” म्हणणारी. मग गणिताच्या बाई उठून उभ्या राहिल्या. एकट्याच. त्यांनी टाळी वाजवली, अगदी मोजून, वर्गात उत्तर बरोबर आल्यावर वाजवायच्या तशी. मागोमाग अख्ख्या रांगा उठल्या.

निळ्या चिठ्ठ्या आल्या. आईनं तळहाताचा आडोसा केला नाही. चिठ्ठी मांडीवर ठेवली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: मार्लिस टुओमी. पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

“कसं वाटतं?” रीकानं विचारलं.

“लाज वाटते,” आई म्हणाली, आणि फिस्सकन हसली. “पण छान वाटतंय गं.”

मोजणी संपली. व्हर्नाबाईंनी चष्मा पुसला, कागद जवळ धरला, लांब धरला. लोकांचा जीव खालीवर.

“कर्ट ओबर्ग, त्रेपन्न. मार्लिस टुओमी, सत्त्याण्णव. पक्षाची उमेदवार...”

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. माणसं आईभोवती गोळा झाली. त्यातून वाट काढत कर्टकाका आले आणि त्यांनी हात पुढे केला.

“दोन मतांबद्दल आभार, मार्लिस. पण मी सकाळी बोललो तो शब्द खरा आहे. ऑगस्टमध्ये भेटू.”

कालची मार्लिस असती तर म्हणाली असती, हो हो, तूही उभा राहा, कसलं काय. आईनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

“नक्की भेटू, कर्ट. आणि तेव्हाही मीच जिंकणार आहे.”

कर्टकाकांनी भुवया वर केल्या. मग मान तिरकी करून ते मनापासून हसले. “असं होय? मग मला जास्त कष्ट घ्यायला हवेत.”

“हवेतच,” आई म्हणाली, आणि लोकांनी बोलावलं म्हणून मंचाकडे निघाली. या खेपेला ती आपण होऊन, भराभर चालत होती.

रीका टाळ्या वाजवत नव्हती. ती खुर्चीवर चढली, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की जिमच्या भिंतीही दचकल्या असतील. टुओमींच्या घरात असं आजवर कुणी केलं नव्हतं.